हरिमामाने उतरवलेलं विमान

माझा मामा लढाईत गेला तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. घरात त्याचा फोटो नव्हता. आई त्याच्याबद्दल कमी बोलायची आणि गाव जास्त बोलायचं. त्यामुळे चौऱ्याऐंशी सालच्या प्रजासत्ताक दिनाला एका परक्या माणसाने माइकवरून त्याचं नाव घेतलं, तेव्हा आधी मला वाटलं, आपण काहीतरी भलतंच ऐकलं.

मी तेव्हा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर होतो. झेंडावंदन झालं की आमच्या हॉलमध्ये कुणातरी पाहुण्याचं भाषण असायचं. पाहुणा बहुतेक वेळा पुढारी, आणि आमचं लक्ष मागच्या दाराशी येऊन पडलेल्या बटाटेवड्यांच्या टोपल्यांकडे. त्या वर्षी मात्र उल्हासनगर कॅम्प एकमधले एक रिटायर्ड मास्तर आले होते, हशमतराय शहानी. उंच, किंचित वाकलेले, पांढरा शर्ट, जाड काचांचा चष्मा. एक डोळा काचेचा आहे हे तिसऱ्या रांगेतूनही कळत होतं.

"मी आयुष्यभर पोरांना गणित शिकवला," ते त्यांच्या सिंधी वळणाच्या मराठीत म्हणाले. "पण त्याच्या आधी मी विमानातून बॉम्ब टाकायचो."

मागच्या दाराकडे वळलेल्या माना पुढे फिरल्या.

चव्वेचाळीस साली ते ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर, आराकानात होते. हिंदी हवाई दलाच्या एका स्क्वाड्रनमध्ये वैमानिक, वय तेवीस. विमान दोन माणसांचं. पुढे वैमानिक, मागे त्याच्या पाठीला पाठ लावून बसलेला गनर. शत्रूचं विमान मागून आलं तर वैमानिकाला दिसत नाही, ते गनरने बघायचं.

"म्हणजे माझी पाठ त्याच्या हवाली होती," शहानी म्हणाले. "एक दिवशी माझे दोन्ही डोळेपण त्याच्या हवाली झाले. तोफेचा गोळा समोर फुटला, काच डोळ्यांत गेली, मला दिसेना. त्या पोराने मागे बसून, बोलून बोलून, माझ्याकडून विमान खाली उतरवून घेतलं. मी वाचलो. तो नाही वाचला. एकवीस वर्षांचा होता. सार्जंट भोपी. हरिचंद्र भोपी. कल्याणच्या बाजूचा होता, एवढंच मला ठाऊक. तुमच्यात कुणी भोपी असेल तर त्याला माझा नमस्कार."

टाळ्या पडल्या. मी वाजवल्या की नाही, आठवत नाही.

आमच्या भागात भोपी पुष्कळ. हरिचंद्रही असतील. म्हणून मी लगेच उठून काही बोललो नाही. चहा घेताना त्यांच्याजवळ गेलो आणि विचारलं, "साहेब, तो गनर दिसायला कसा होता?"

"छोटा. बारीक. गनरची जागा अडचणीची असते, मोठा माणूस मावत नाही."

"हात कुठला वापरायचा?"

त्यांनी कप बशीत ठेवला. "लेफ्टी होता. मेसमध्ये डाव्या हाताने जेवायचा, बाकीचे हसायचे. तुम्ही का विचारता?"

माझी आई तिच्या भावाबद्दल जे थोडंफार सांगायची, त्यात हे एक होतं. डाव्या हाताने घास घेतो म्हणून आजोबा त्याच्या हातावर पळी मारायचे, आणि तो पळी चुकवून डाव्याच हाताने घास घ्यायचा.

"साहेब, मी दौलत केणे," मी म्हणालो. "चामटोलीच्या कौसाबाई भोपींचा नातू. हरिचंद्र माझा मामा."

त्यांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही. वर्क्स मॅनेजर निरोप द्यायला आले तेव्हाही तो हात तसाच धरलेला होता, आणि मॅनेजरसाहेबांना माझ्याशीही दोन शब्द बोलावे लागले.

*

चामटोली बदलापूरहून जवळ. मी फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायचो, पण आई गावीच. तिचं माहेर खालच्या आळीत आणि सासर वरच्या आळीत, त्यामुळे बनूबाई केणे आयुष्यात गावाबाहेर राहिली अशी नाहीच.

मामा सैन्यात गेला तो पळून. परळला एका चुलत्याच्या चाळीत काही दिवस राहिला, तिथलाच पत्ता देऊन भरती झाला. घरचा दिला असता तर आजोबा जाऊन ओढून घेऊन आले असते. दोन वर्षांनी तो चुलता एक तार घेऊन गावी आला. तारेत लिहिलं होतं, बेपत्ता. पुढे चुलता ती चाळ सोडून देशावर निघून गेला आणि सरकारचं काही आलं असेल तर ते तिथेच कुठेतरी राहिलं.

बेपत्ता या शब्दाने आमच्या घराला फार छळलं. मेला म्हटलं असतं तर रडून मोकळे झाले असते. कुणी म्हणे, तो पलटण सोडून पळाला. कुणी म्हणे, ब्रह्मदेशात त्याने बायको केली, तिकडे सागाच्या लाकडाचं घर बांधून मजेत आहे. शेजारची विठा तर आईला हसत हसत विचारायची, "गो बनू, तुज्या ब्रह्मी वयनीचं काय पत्र बित्र?" हसण्यावारी नेलं तरी लागायचं. आजी कौसाबाई देवीच्या साथीत आंधळी झालेली. ती ओटीवर बसून पायवाटेकडे कान लावायची आणि मी तीन वर्षांचा असताना तशीच गेली. पितृपक्षात आई सगळ्यांच्या नावाने पान वाढायची, आजोबांच्या, आजीच्या, लहानपणी गेलेल्या एका बहिणीच्यासुद्धा. हरिमामाच्या नावाने कधी नाही. जिवंत असला तर, म्हणायची.

त्या संध्याकाळी मी गावी गेलो. आई तांदूळ पाखडत होती. मी सगळं सांगितलं. सूप थांबलं नाही. माझं बोलणं संपल्यावर तिने सूप खाली ठेवलं, त्यातले खडे बोटाने वेचले आणि विचारलं, "मंजे तो पलाला नाय?"

"नाही गं आये. त्याने त्या माणसाचा जीव वाचवला."

"आनि बायको?"

"कसली बायको. एकवीस वर्षांचं पोर."

ती बराच वेळ खडे वेचत बसली. सुपात आता खडे उरलेही नव्हते. मग म्हणाली, "त्या मानसाला घरी घेऊन ये. मला त्याच्या तोंडून आयकायचं हाय."

*

पुढच्या रविवारी मी शहानी साहेबांना आणायला कॅम्प एकला गेलो. जुन्या लष्करी बराकीचीच ती खोली, पुढे मागे वाढवून घर केलेलं. त्यांच्या बायकोने, देवीबाईंनी, आईसाठी डब्यात कोकी, म्हणजे त्यांच्याकडची जाड रोटी, बांधून दिली होती. बदलापूरला उतरून आम्ही टांगा केला.

टांग्यात ते म्हणाले, "दौलत, मी शोधला नाही असं नाही. फाळणीनंतर आम्हाला सिंधमधून आणून कल्याण कॅम्पात, म्हणजे आताच्या उल्हासनगरात, टाकला. बराकीत आम्ही एका खोलीत तीन कुटुंबं, मधे गोणपाट. मला पहिला विचार आला, ही तर भोपीची जागा. मी सायकल घेऊन गावागावांत जायचो. भोपी कोण, भोपी कोण. लोकांना वाटायचं, हा रेफ्युजी जमीन बघायला आला. एका गावात कुत्रा सोडला माझ्यावर." ते हसले. "त्यांची चूक नाही. त्यांची जमीन मिलिटरीने घेतलेली, नंतर तिच्यावर आम्ही आलेलो. त्याच्या भरतीच्या कागदावर परळचा पत्ता होता, तिथेपण गेलो. चाळीत कुणी ओळखेना. मग पोटापाण्याची घाई लागली."

टांगा कच्च्या रस्त्याला लागला. तेव्हा ते माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "एक गोष्ट तुझ्या आईला सांगणार नाही. तूपण सांगू नको."

"काय?"

"शेवटी तो आईला हाका मारत होता. आय, आय करत होता. तेव्हा मला मराठी येत नव्हती, मला वाटायचं कण्हतोय. कॅम्पात आल्यावर कळलं, तुमच्यात आईला आय म्हणतात. त्या दिवसापासून..." त्यांनी मान हलवली. "माझा जीव वाचवता वाचवता तो पोरगा आईसाठी रडत होता. चाळीस वर्षं मी ती हाक ऐकतो. बहिणीला कशाला ऐकवायची?"

मी कबूल झालो.

आईने ओटीवर घोंगडी अंथरली होती. ती नव्या लुगड्यात होती, आणि आमची काशी, माझी बायको, सकाळपासून चुलीपाशी. शहानी साहेब ओटीच्या पायरीशी आले, चपला काढल्या आणि सरळ आईच्या पाया पडायला वाकले. आई मागे सरकली.

"अवो, हे काय! तुमी मोठे हाव."

"नाही अदी," ते म्हणाले. अदी म्हणजे त्यांच्या भाषेत बहीण. "तू त्याची बहीण. मोठीच."

मग ते बोलू लागले. हॉलमधल्या भाषणासारखं नाही, मधे मधे थांबत, हिंदी मराठी मिसळून, कधी एखादा शब्द सिंधीतला. नदीपलीकडे जपान्यांचं कोठार होतं, त्यावर बॉम्ब टाकायचे होते. यांचं विमान उलटं होऊन सरळ खाली झेपावायचं, दगड पडावा तसं, आणि बॉम्ब सोडून परत वर उचलायचं. बॉम्ब सुटले, विमान वर आलं आणि त्याच वेळी गोळा फुटला. तोंडावर गरम तेल आणि काच. मग सगळं काळं.

"मी ओरडलो, भोपी, मला दिसत नाही! उडी मार! छत्री होती त्याच्याकडे. उडी मारली असती तर वाचला असता कदाचित. तो म्हणाला, साब, आप हाथ चलाओ. देखूँगा मैं."

"त्याला लागलं होतं?" आईने विचारलं.

"लागलं होतं, पोटात. मला त्याने सांगितलं नाही. त्याचा आवाज इतका शांत होता अदी, की मला वाटलं, ह्याला काहीच झालं नाही. डावीकडे साब. आणखी थोडा. डोंगर आहे, वर घ्या. आता सरळ. जागेवर उलटा फिरून, समोर बघत, असं करत त्याने मला डोंगराच्या अलीकडे आणलं, आपल्या बाजूला. धावपट्टी लांब होती, तेल गळत होतं. तो म्हणाला, खाली भाताची शेतं आहेत, कापणी झालेली, तिथे उतरू."

"भाताची?"

"भाताची. अशीच, तुमच्यासारखी. त्याने मला त्या शेतात उतरवलं. पोटावर. मी हाक मारली, भोपी, भोपी. आवाज नाही. तिथले शेतकरी धावत आले, त्यांनी मला ओढून काढला. त्याला काढेपर्यंत विमानाने पेट घेतला. माझ्या डोळ्यांवर कुणीतरी फडका बांधला होता, त्यातला एक डोळा पुढे इस्पितळात वाचला. मी त्याचा चेहरा शेवटचा पाहिला नाही."

आई पदराशी चाळा करत होती. मला वाटलं आता ती रडेल. पण तिने विचारलं, "त्या दिवशी सकाली त्यानं काय खाल्लेलं?"

शहानी साहेब गोंधळले. मग आठवू लागले, अगदी मनापासून. "चहा. आणि पाव. आणि... हां! टीनमधले पीचेस आले होते अमेरिकन रसदीत. गोड फळ असतं. त्याला फार आवडायचं. स्वतःचा टीन संपवून माझा अर्धा मागायला आला होता. मी दिला."

"दिला ना?"

"दिला अदी. पूर्ण दिला."

"मंग बरं झालं," आई म्हणाली. "पोट भरून गेला." आणि मग ती रडली, डोक्यावरून पदर ओढून, आवाज न करता. आम्ही तिला रडू दिलं.

*

जेवणानंतर शहानी साहेब म्हणाले, "मला त्याचं शेत बघायचं आहे. तो ज्या शेतात खेळला असेल ते."

भोप्यांचं शेत खालच्या आळीच्या पलीकडे, ओढ्याला लागून. मामाच उरला नाही म्हणून ते आईच कसायची. वालाचं पीक उभं होतं, बाकी जमीन उघडी. आम्ही बांधावरून निघालो. मी पुढे, मधे साहेब, मागे आई. दुपारच्या उन्हात त्यांचा चांगला डोळाही दिपत होता, आणि आमचे बांध म्हणजे कुठे सपाट, कुठे एकदम हातभर चढ. ते एकदा अडखळले. मी मागे वळेपर्यंत आईने त्यांच्या कोपराला हात लावला होता आणि ती बोलत होती, हलक्या, एका सुरातल्या आवाजात.

"हलू. सरल हाय. सरल. आता बांद आला, उचल. उचल. हां. आता टेक. मी हाय."

शहानी साहेब जागच्या जागी थांबले. चढावर एक पाय, खाली एक पाय, तसेच.

"अदी, हे काय बोललीस?"

आई ओशाळली. परक्या मोठ्या माणसाला अरेतुरे केलं म्हणून. "चुकलं वो. सवय हाय जुनी. माजी आय आंदली होती ना, तिला असंच न्यायला लागायचं. लहानपनी मी, आनि माज्या आदी हरी. त्यानंच मला शिकवलं. आंदल्या मानसाचा हात धरून वढायचा नाय, तो भितो. मागं राहायचं, कोपराला नुसता हात लावायचा आनि बोलत राहायचं. बोलनं थांबवायचं नाय. बोलनं थांबलं की आंदलं मानूस घाबरतं."

"परत बोल."

"काय?"

"ते जे बोललीस ते. तुझ्या आईला बोलायचीस तसं. पूर्ण."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग तिने समोर बघत, जणू पुढे आजी चालली आहे असं, म्हटलं, "सरल हाय, आय. सरल. आय, बांद आला, उचल. उचल आय. टेक आता. मी हाय."

शहानी साहेब बांधावर खाली बसले. पँट मळेल, काटे लागतील, काही नाही. त्यांनी चष्मा काढला. काचेच्या डोळ्यातून पाणी येत नाही असं मला वाटायचं, पण येतं.

"हेच," ते म्हणाले. "दौलत, हेच. तो हेच बोलत होता. शेवटी हिंदी संपली त्याची. मला नुसते आवाज कळत होते. सरल. बांद. उचल म्हणाला तेव्हा मी स्टिक ओढली, का ओढली मला माहीत नाही, त्याच्या आवाजावरून ओढली. विमान कशाला तरी घासून वर गेलं. टेक म्हणाला तेव्हा सोडलं. आणि आय. आय, आय..."

"बांद होता तिथं," आई म्हणाली. तिला सगळं माझ्या आधी कळलं होतं. "भाताचं शेत, मंजे बांद असनारच. बांदाला धडकला असतात तर तुमी दोघं तिथंच खपला असतात. त्यानं तुमाला बांदावरून नेलं."

"मला वाटायचं तो आईसाठी रडतो."

"रडत नव्हता वो!" आई जवळजवळ ओरडलीच. मग तीही त्यांच्या शेजारी टेकली, थोडं अंतर ठेवून. "तो भ्यायला असता तर आवाज कापला असता त्याचा. कापत होता?"

"नाही. बिलकूल नाही."

"मंग! तुमाला दिसत नव्हतं. त्याच्या मागं, नाय, त्याच्या म्होरं एक आंदलं मानूस होतं आनि त्याला घरी न्यायचं होतं. त्याला आनि काय येत होतं? तेच येत होतं. तोंडात आय आलं, कारन तो आयला नेत होता. समजलं? दादा, समजलं का तुमाला?"

ती त्यांना पहिल्यांदाच दादा म्हणाली. शहानी साहेबांनी मान हलवली आणि हलवतच राहिले. ओढ्याच्या बाजूने वारा आला. मी दोघांकडे पाठ करून वालाच्या शेंगा तोडत उभा राहिलो, कारण मला दुसरं काही सुचेना.

थोड्या वेळाने मागून मला साहेबांचा आवाज ऐकू आला. "अदी, तुझी आई मला एकदा भेटायला हवी होती. तिच्यामुळे मी वाचलो."

"ती असती तर तुमच्या तोंडावरून हात फिरवला असता तिनं," आई म्हणाली. "तशीच वलखायची ती मानसं."

*

त्या वर्षी पितृपक्षात आईने हरिमामाच्या नावाने पान वाढलं. भरभरून वाढलं. मी अंबरनाथच्या बाजारात फिरून पीचचा डबा शोधला, मिळाला नाही, म्हणून अननसाचा आणला. आईने तो पानावर ओतला आणि म्हणाली, गोड हाय ना, मग चालेल त्याला. जेवायला शहानी साहेब होते. गावातली पाच सहा माणसं आईने मुद्दाम बोलावली होती, आणि विठालाही. जेवण झाल्यावर साहेबांनी सगळी हकिकत पुन्हा सांगितली, यावेळी आयसकट. विठा तोंडावर पदर धरून ऐकत होती. जाताना तिने आईचे दोन्ही हात धरले. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण त्यानंतर ब्रह्मी वहिनीचा विषय गावात निघाला नाही.

दिवाळी झाल्यावर एकदा साहेब मला म्हणाले, "रविवारी अदीला सांग, आम्ही येतो. सगळे."

सगळे म्हणजे किती हे मला ठाऊक नव्हतं. रविवारी सकाळी वरच्या आळीत एक मॅटॅडोर येऊन उभी राहिली आणि तिच्यातून माणसं उतरतच राहिली. देवीबाई. दोन मुलगे, सुना, एक मुलगी आणि जावई पुण्याहून. नातवंडं, त्यांतलं एक कडेवर. शिवाय साहेबांचे जुने विद्यार्थी, एक डॉक्टर, एक रेल्वेत इंजिनियर, एक बाई कुठल्याशा कॉलेजात शिकवणारी. आई ओटीवर उभी राहून बघत होती. तिने काशीला हळूच विचारलं, "गो, भात पुरेल का?"

साहेब पुढे आले. त्यांनी भाषणासारखं काही तयार केलं असावं, पण ते विसरले. नुसते हात पसरून म्हणाले, "अदी, ही सगळी माणसं. त्या दिवशी ही सगळी विमानात होती. तुझ्या भावाला दिसली नाहीत, पण होती. त्याने सगळ्यांना खाली आणलं. मला वाटलं, त्याच्या घरी दाखवून यावीत."

आई एकेकाच्या जवळ गेली. तिने कुणाला काही विचारलं नाही. प्रत्येकाच्या तोंडावरून हात फिरवत गेली, सुनांच्या, जावयाच्या, त्या रेल्वेतल्या इंजिनियरच्यासुद्धा, आणि तो भला मोठा मिशीवाला माणूस लहान पोरासारखा मान खाली घालून उभा राहिला. देवीबाईंपाशी आल्यावर दोघी एकमेकींना बिलगल्या. एक सिंधीत बोलत होती, एक आमच्या बोलीत, आणि दोघींचं चांगलं चाललं होतं.

भात पुरला नाही. विठाकडून आला, पलीकडच्या जनीकडून आला, पत्रावळी खालच्या आळीतून आल्या. देवीबाईंनी दाल पकवानचा मोठा टोप आणला होता, तो गावाने चाटून पुसून संपवला, आणि त्यांच्या मुलांनी आमच्या सुक्या बोंबलांचं कालवण खाऊन डोळ्यांतून पाणी काढलं आणि पुन्हा मागितलं. जेवताना आई मधे उभी राहून वाढत होती. बस म्हटलं तरी बसेना. मी तिला इतकी वर्षं बघतोय, पण तिच्या चालण्यात तसा झपाटा मी आधी पाहिला नव्हता.

दुपार कलली तेव्हा सगळे निघाले. आईने प्रत्येकाला नव्या तांदळाचं गाठोडं दिलं. देवीबाई नको नको म्हणत होत्या आणि गाठोडं घट्ट धरत होत्या. मॅटॅडोर पाटाच्या पाण्याने ओल्या झालेल्या रस्त्यात थोडी पुढे गेली आणि मागची चाकं चिखलात बसली. ड्रायव्हरने गाडी रेटली तशी ती आणखी रुतली. मग वरची आळी, खालची आळी, इंजिनियर, डॉक्टर, साहेबांचे मुलगे, सगळ्यांनी मागून हात लावला. मी ओरडलो, "जोर लावा रे!" आणि चाकांनी एवढा चिखल उडवला की कुणाचं तोंड कुणाचं, कळेना. गाडी निघाली. सगळे एकमेकांकडे बघून हसत सुटले. साहेब खिडकीतून डोकं काढून हसत होते. आई रस्त्याच्या कडेला उभी होती, तिच्या नव्या लुगड्यावर चिखलाचे शिंतोडे, आणि गाडी वळणाआड गेल्यावरही ती हात हलवत होती.

त्यानंतर ते दरवर्षी आले. शहानी साहेब ब्याण्णव साली गेले, तरी मुलं येत राहिली. मी फॅक्टरीत बेंचवर उभा असताना कधी कधी मला त्या एकवीस वर्षांच्या हरिमामाचा विचार यायचा, जो मी कधी पाहिला नाही. दिवाळीनंतरचा तो रविवार आला की आई पहाटेच चूल पेटवते, आणि आता आधीच दुप्पट भात टाकते.